चूक करणाऱ्याचे नाव

६ जानेवारी

आजपासून मी 'रुग्णसुरक्षा समन्वयक'. हा शब्द साहेबांनाही एका दमात म्हणता आला नाही.

सकाळी मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या अधीक्षकांनी, केबिनमध्ये बोलावलं. दीड महिन्यानं तपासणी समिती येणार आहे. दवाखान्यात होणाऱ्या चुकांची नोंद कोण ठेवतं, असा त्यांच्या यादीत एक प्रश्न आहे. आमच्याकडे कोणीच ठेवत नाही. साहेब म्हणाले, "सिस्टर, तुमच्या वॉर्डात कधी चूक झाल्याचं मला आठवत नाही. तुमच्याशिवाय कोण करणार हे?"

खोटं नाही ते. सव्वीस वर्षांची नोकरी, त्यातली बारा वर्षं पुरुषांच्या वॉर्डाची इनचार्ज. माझ्या वॉर्डावर एका ओळीचा ठपका नाही. मुली चळाचळा कापायच्या, पण काम चोख. आता वॉर्ड दुसरीच्या ताब्यात आणि माझ्या ताब्यात जिन्याखालची खोली. एक टेबल, एक खुर्ची आणि चाकं निखळलेल्या तीन व्हीलचेअर. याला बढती म्हणतात. घरी सांगितल्यावर हे म्हणाले, "अभिनंदन." मी म्हटलं, "आधी खोली बघा, मग बोला."

टेबलाच्या खणात ही कोरी वही सापडली. भिंतीवर डोकं आपटण्यापेक्षा कागद खरडलेला बरा.

९ जानेवारी

फॉर्म तयार झाला. साहेबांनी कुठून तरी नमुना आणला होता, त्यात काय झालं, कुठे, केव्हा, कसं, एवढंच होतं. नावाचा पत्ताच नाही! मग सुधारायचं कुणाला, भिंतीला? मी सगळ्यात वर रकाना घातला: 'चूक करणाऱ्याचे नाव'. त्याखाली हुद्दा. मग बाकीचं.

प्रत्येक मजल्यावर एक पेटी लावली. कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे.

१६ जानेवारी

आठवडा झाला म्हणून पेट्या उघडल्या. ऐवज असा: पेनाचं टोपण, एक रजेचा अर्ज (वॉर्डबॉयला ती अर्जाची पेटी वाटली), गोळ्यांची रिकामी पट्टी, आणि 'कँटीनचा चहा पातळ असतो' अशी चिठ्ठी. चिठ्ठीवर अर्थातच नाव नाही.

म्हणजे चारशे खाटांच्या या दवाखान्यात आठवडाभरात एकही चूक झाली नाही. देवमाणसंच भरलीत इथे.

२० जानेवारी

बायकांच्या वॉर्डात फेरी मारली. शेजारशेजारच्या दोन खाटांवर एकाच नावाच्या दोन बायका. एकीला साखरेचा आजार, दुसरीला नाही. ओळखपट्टा दोघींच्याही मनगटावर नाही, खाटेच्या दांड्याला बांधलेला.

वॉर्डबॉयला विचारलं, "हे काय?"

"हाताला घट्ट होतो म्हणाल्या, म्हणून खाटेला बांधला."

"मग इंजेक्शन पण खाटेलाच देऊ का?"

तो हसला! मी फॉर्म पुढे केला, म्हटलं लिही, चूक करणाऱ्याचे नाव. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या वॉर्डातले पट्टे मनगटांवर आले, पण फॉर्म काही आला नाही. आणि आता मी दिसले की वॉर्डबॉय जिना बदलतात.

२३ जानेवारी

आज एक गोष्ट खरंच खटकली. औषधांच्या ट्रॉलीवर एकाच ट्रेमध्ये दोन तऱ्हेच्या अँप्युल, म्हणजे इंजेक्शनच्या बंद कुप्या. एकीत इंजेक्शनचं पाणी. पावडरचं औषध विरघळवायला ते दिवसातून शंभरदा लागतं. दुसरीत पोटॅशियम. ते सलाईनच्या मोठ्या बाटलीत थेंबाथेंबानं द्यायचं, कधीही थेट शिरेत नाही. दोन्ही प्लॅस्टिकच्या, दोन्ही पारदर्शक, दोन्हींवर निळी अक्षरं. जुळ्या बहिणी.

औषधभांडाराच्या प्रमुखाकडे गेले. सगळे त्याला 'पावती' म्हणतात, कारण पावतीशिवाय तो श्वासही सोडत नाही. म्हटलं, वेगवेगळ्या ठेवा. म्हणाला, "दोन्हींवर नाव छापलंय ना? तुमच्या मुलींना वाचता येतं ना?"

आता यावर मी काय बोलणार? हेच वाक्य मी मुलींना बारा वर्षं ऐकवत आलेय. वाचणारीच्या हातून चूक होत नाही. तरी म्हटलं, ट्रे तरी बदला. म्हणाला, लेखी द्या.

२४ जानेवारी

लेखी दिलं. पावतीनं ते साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी शेरा मारला: 'तपासणीनंतर पाहू'. तपासणी कशाची आहे, हे बहुधा साहेबांना कळवायचं राहून गेलंय.

२८ जानेवारी

आज दवाखान्याचं नाही, घरचं. खालच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यात भेटली. "आता बरं आहे ना साहेबांना? त्या दिवशी पडले तेव्हा मी किती घाबरले!" कोण पडलं? कधी पडलं?

तीन आठवड्यांपूर्वी हे न्हाणीघरात चक्कर येऊन पडले होते. रक्तदाबाची नवी गोळी मानवली नाही. मग स्वतःच्या मनानं गोळी बंद करून टाकली. बायको नर्स, आणि ही बातमी मला जिन्यात मिळते! मी जे बोलायचं ते बोलले. तासभर बोलले असेन.

सगळं ऐकून घेतल्यावर हे म्हणाले, "सांगितलं असतं तर आधी तू ओरडली असतीस, मग ऐकलं असतंस. चक्कर आलेली असताना ओरडा सोसत नाही गं."

म्हणजे वरून दोष माझाच. पुरुषांची जातच अशी. उद्या त्यांना डॉक्टरांकडे नेणार.

३ फेब्रुवारी

सगळ्या नर्सेसची सभा घेतली. चाळीस जणी आल्या. मी म्हटलं, "चूक झाली तर लपवू नका. मला येऊन सांगा. घाबरायचं काय त्यात?" चाळीस जणी खाली बघत होत्या. फरशीवर काय नक्षी होती कोण जाणे.

म्हणून मी उदाहरण दिलं. चिमणी समोरच बसली होती. माझ्या वॉर्डात चार वर्षं होती, अंगानं एवढीशी, आवाजानंही, म्हणून चिमणी. दोन वर्षांपूर्वी तिनं एका पेशंटची गोळी दुसऱ्याला दिली. स्वतःच येऊन मला सांगितलं. मी तिला सगळ्या वॉर्डासमोर उभं करून चूक तीन वेळा मोठ्यानं वाचायला लावली. "त्यानंतर चिमणीची एकही चूक माझ्या कानावर आली नाही," मी म्हटलं. "बघा, सांगितल्यानं सुधारणा होते."

टाळ्या नाहीत, प्रश्न नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी.

६ फेब्रुवारी

पुरुषांच्या वॉर्डात दोघी रजेवर, म्हणून दुपारी मदतीला गेले. जुना वॉर्ड, बरं वाटलं. नऊ नंबरच्या खाटेवर एक गवंडीकाका आहेत, पायाची जखम चिघळलेली. त्यांचं इंजेक्शन मी भरून घेतलं, तोच चिमणी धावत आली. "सिस्टर, तुम्हाला बाहेर बोलावलंय." कुणी? "बाहेर बोलावलंय." सिरिंज ट्रेमध्ये ठेवून गेले. बाहेर काळं कुत्रंही नव्हतं. परत येते तर माझी भरलेली सिरिंज गायब, आणि चिमणी नवीन भरून काकांना देतेय. विचारलं तर म्हणे, "पहिली खाली पडली."

धडधडीत खोटं. मी वॉर्डातून गेले म्हणून एवढं शेफारायचं? उद्या बघते तिच्याकडे.

७ फेब्रुवारी

चिमणीला खोलीत बोलावलं, दार लावलं.

"काल खोटं बोलून मला बाहेर का पाठवलंस?"

तिनं खिशात हात घातला.

"मूग गिळलेस का? मी इनचार्ज नसले तरी—"

तिनं खिशातून गॉझची घडी काढून टेबलावर ठेवली. आत एक उघडलेली, रिकामी अँप्युल. माझा चष्मा डोक्यावर होता. तो नाकावर घेतला आणि वाचलं.

पोटॅशियम.

कालच्या इंजेक्शनच्या पावडरमध्ये मी पाण्याऐवजी हे घातलं होतं. ती अख्खी सिरिंज मी गवंडीकाकांच्या शिरेत सोडणार होते. एवढं पोटॅशियम एकदम गेलं तर हृदय जागच्या जागी थांबतं, धावाधाव करायलाही वेळ मिळत नाही. काकांचा मुलगा तेव्हा उशाशी बसून त्यांना पेपर वाचून दाखवत होता.

मी गॉझची घडी पुन्हा मिटली. मग मी विचारलं, "तोंडानं का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला, सिस्टर?" ती म्हणाली.

उद्धटपणे म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिला खरोखरच नवल वाटलं होतं.

८ फेब्रुवारी

काल चष्मा डोक्यावर होता असं लिहिलंय. परवाही डोक्यावरच होता. फोन वाजत होता, तीन नंबरचा माणूस भांडं मागत होता, अडतीस पेशंट आणि आम्ही तिघी. आणि पाण्याच्या जागी हात घातला की पाणीच येतं, ही सव्वीस वर्षांची सवय. ही कारणं आहेत की सबबी? माझ्यासमोर कुणी सांगितली असती, तर मी सबबी म्हटलं असतं.

९ फेब्रुवारी

फॉर्म समोर घेऊन बसले. पहिल्याच रकान्यात पेन अडलं. कुठल्या मूर्खानं हा रकाना सगळ्यात वर घातला!

शेवटी पेशंटला काहीच झालं नाही. मग ती चूक म्हणायची का? फॉर्म खणात ठेवला.

११ फेब्रुवारी

गवंडीकाका आज घरी गेले. जाताना मुद्दाम जिन्याखाली आले, कुबडी टेकत. म्हणाले, "सिस्टरबाई, तुमच्या हाताला गुण आहे. बरं झालो."

मी हात टेबलाखाली घेतले.

१२ फेब्रुवारी

राहवेना. चिमणीला पुन्हा बोलावलं. तिनं खुर्चीत बसावं म्हणून मी व्हीलचेअरच्या दांड्यावर टेकले. म्हटलं, "मला सगळं सांग. माझ्या वॉर्डातलं."

तिनं आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "आमची एक पद्धत होती, सिस्टर. कुणाची चूक दिसली की म्हणायचं, बाहेर बोलावलंय. ती गेली की दुसरीनं नीट करून ठेवायचं. मग त्यावर कुणी बोलायचं नाही."

"म्हणजे माझ्या वॉर्डात चुका होत होत्या?"

"सगळीकडे होतात तेवढ्याच."

या अँप्युलची अदलाबदल तिनं स्वतः तीनदा पाहिली होती, मी धरून चौथी. तिन्ही वेळा वेगवेगळ्या मुली. दोनदा वेळेत कळलं. तिसऱ्या वेळी थोडं औषध गेलं होतं. पेशंट एक ट्रकवाला होता. हाताची अशी आग झाली की तो ओरडला, हात हिसडला, सुई निघाली, म्हणून जगला.

"तुम्ही लांबून म्हणालात, एवढा मोठा गडी आणि सुईला भितो," चिमणी म्हणाली. "सगळे हसले. ती मुलगी पण हसली. मग संडासात जाऊन उलटी करून आली."

मला तो ट्रकवाला आठवत नाही. दुपारभर आठवून पाहिलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. बारा वर्षं मी जो सव्वा लाख मिरवला, त्याची मूठ या पोरींनी धरून ठेवली होती. ट्रकवाल्याला सुई देणारी ती मुलगी पुढे नोकरी सोडून गेली, हे मला ठाऊक होतं. लग्न ठरलं असेल असं वाटलं होतं.

१३ फेब्रुवारी

फॉर्म भरला. क्रमांक एक. पहिल्या रकान्यात माझं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

१५ फेब्रुवारी

आढावा बैठक. साहेब, सगळ्या वॉर्डांच्या इनचार्ज, पावती, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई. साहेबांनी विचारलं, "किती फॉर्म आले?" मी म्हटलं, "एक. वाचून दाखवते." पहिल्या रकान्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

मग साहेब म्हणाले, "सिस्टर, पेशंट सुखरूप घरी गेला ना? मग हे कागदावर आणायची काय गरज होती? समिती आठवड्यावर आलीय. आपण 'शून्य चुका' असा फलक रंगवायला टाकलाय."

"माझ्या आधी तीनदा झालंय साहेब, हीच अँप्युल."

"कुणाकडून? नावं द्या."

"नावं देणार नाही."

"तुमच्याच फॉर्मवर तुम्हीच नावाचा रकाना ठेवलाय!"

"तो मी खोडणार आहे."

साहेबांचा चेहरा लाल झाला. माझ्या हाताखाली शिकलेल्या चार इनचार्ज तिथे होत्या, एकीनंही मान वर केली नाही. मी पावतीकडे वळले. "तुम्ही म्हणाला होतात, वाचता येतं ना. मला येतं. तुमच्या जन्माआधीपासून येतं."

पावती टेबलाकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "गेल्या वर्षी कंपनी बदलली. तेव्हापासून दोन्ही सारख्या दिसतात. खोकी उघडताना मी स्वतः दोनदा फसलोय." कळवलं का नाहीत, हा प्रश्न माझ्या तोंडापर्यंत आला होता. कसाबसा गिळला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वॉर्डात पोटॅशियम हवंच कशाला? भांडारातच सलाईनमध्ये मिसळून पाठवा. फक्त अतिदक्षता विभागात कुलपात राहू दे." साहेब म्हणाले, तपासणीनंतर पाहू.

१६ फेब्रुवारी

तपासणीनंतर कशाला! सकाळी कपड्यांची बुट्टी घेतली आणि चिमणीला बरोबर घेऊन सगळे वॉर्ड पालथे घातले. दोनशे बारा अँप्युल निघाल्या. ट्रॉलीवर, खणात, एक तर इनचार्जच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली. बुट्टी पावतीसमोर आपटली.

"कुणाच्या सहीनं परत घेऊ?"

"माझ्या."

त्यानं पावती फाडली. मग उठून स्वतःच्या हातानं त्या आतल्या कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावलं. डॉक्टरीणबाईंनी मिसळायचं प्रमाण लिहून दिलंय. दुपारी पहिल्या आठ तयार बाटल्या वॉर्डात गेल्या.

२० फेब्रुवारी

दोन कागद आले. पहिला: परवानगीशिवाय औषधसाठा हलवल्याबद्दल मला 'कारणे दाखवा' नोटीस. दुसरा: तपासणी समितीचा दौरा दोन महिने पुढे ढकलला आहे. आता हसावं की रडावं! हे म्हणाले, "दोन्ही कर, पण जेवून कर." आपण सकाळी रक्तदाब मोजला नाही, हेही त्यांनी आपण होऊन सांगितलं. मी काही बोलले नाही, यंत्र आणून दिलं.

नवे फॉर्म छापून आले. नावाचा रकाना नाही.

२४ फेब्रुवारी

सकाळी साडेदहाला दार वाजलं. शस्त्रक्रिया वॉर्डातली एक नर्स, माझ्याशी कधी न बोललेली. आत आली, उभीच राहिली.

"सिस्टर, ओरडणार नाही ना?"

"सांगता येत नाही. तू सांग आधी."

चौदा नंबरच्या पेशंटला रक्त पातळ करायचं इंजेक्शन आज दोनदा गेलं होतं. पहाटे आधीच्या ड्युटीनं दिलं, पण तक्त्यावर सही राहिली. सातला हिनं पुन्हा दिलं. आधीची नर्स घरी पोचल्यावर तिला सही राहिल्याचं आठवलं, तिनं फोन केला. आणि चौदा नंबरचं साडेदहालाच ऑपरेशन होतं.

'तक्ता बघता येत नाही का?' हे माझ्या जिभेवर होतं. शपथेवर सांगते, होतं. पण मी तिचा हात धरला आणि दोघी पळत सुटलो. तिसऱ्या मजल्यापर्यंत. माझे गुडघे मला काय काय म्हणाले ते लिहीत नाही.

पेशंट ऑपरेशनच्या खोलीत टेबलावर होता. डॉक्टरीणबाई भुलीची सुई हातात घेऊन उभ्या होत्या. मी दारातूनच ओरडले, "थांबा! रक्त पातळ केलंय त्याचं, दुप्पट!" त्यांनी सुई खाली ठेवली. सर्जन हात धुऊन आत येत होते, ते कडाडले, "कुणाची चूक आहे ही?" मुलगी माझ्या मागे सरकली. मी म्हटलं, "लिहून येईल सगळं. आधी याला खाली न्या आणि रक्त तपासा."

कापलं असतं तर रक्त थांबता थांबलं नसतं, असं डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. आता उद्या किंवा परवा करतील.

पेशंट म्हणजे एक तापट म्हातारे शिंपी. वॉर्डात परत आणल्यावर त्यांनी भांडायला सुरुवात केली. "काल संध्याकाळपासून उपाशी ठेवलंत, कपडे काढायला लावलेत, वर नेलंत, खाली आणलंत! पोरखेळ आहे का? झालं काय ते कुणी सांगाल की नाही?"

वॉर्डची इनचार्ज म्हणाली, "मशीन बिघडलंय, काका."

मी खाटेजवळ स्टूल ओढलं. ती मुलगी पायथ्याशी उभी होती, पांढरीफटक. मी म्हटलं, "मशीन नाही बिघडलं काका. आमची चूक झाली. तुम्हाला एक इंजेक्शन दोनदा दिलं गेलं. वेळेवर कळलं म्हणून तुम्हाला परत आणलं."

हे वाक्य मी सव्वीस वर्षांत एकाही पेशंटला म्हटलेलं नाही. बोलून झाल्यावर वाट बघत राहिले. ते ओरडतील, मुलांना बोलावतील, साहेबांकडे जातील. त्यांनी आधी मला निरखलं, मग त्या मुलीला.

"कळलं कसं?" त्यांनी विचारलं.

"ही स्वतः सांगायला आली."

"हं." त्यांनी चादर छातीपर्यंत ओढली. "मग आज ऑपरेशन नाही."

"नाही."

"मग मला जेवायला का देत नाही अजून? ही पण चूकच ना?"

ती मुलगी ताट आणायला धावली.